मुलुंडहून नाशिकला, दुधाचं पातेलं घेऊन

चष्मा कपाळावर आहे तुमच्या. आधी तो खाली नाकावर घ्या, मग वाचायला बसा. मागच्या खेपेला देवगडच्या प्रवासाबद्दल सांगितलं होतं, ते काय काय होतं आठवतंय का? नाही आठवत. तरी खाली "आजी, मस्त!" लिहून गेलात. त्यातल्या दोघांनी तर मला विचारलं की देवगडला एसटीने गेलात की गाडीने, आणि मी अर्धा तास एसटीचंच रडगाणं गायलं होतं. असो. मी बोलते, नात रिद्धी टाइप करते, आणि तुम्ही विसरता. ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे.

ह्या वेळचा प्रवास मात्र विसरू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे, घरमालकाचा फोन येऊन गेला की तुम्हालाही कळेल.

मुलुंड पूर्वेला आम्ही चौघं भाड्याच्या घरात राहायचो. मी, माझा मुलगा संजय, सून मनीषा आणि ही रिद्धी. संजय ज्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, तिथल्या शेठने एके दिवशी सगळ्यांना चहा पाजला. शेठ चहा पाजतो तेव्हा समजायचं, काहीतरी आहे. मुलुंडची जागा परवडत नाही म्हणून तो मशिनी उचलून नाशिकला चालला होता. येणाऱ्याची नोकरी शाबूत, न येणाऱ्याला रामराम. त्याच आठवड्यात घरमालकानेही कळवलं की नव्या करारात भाडं वाढणार, आणि होय की नाही ते येत्या सोमवारी सांगा.

संजयने दोन दिवस कागदावर आकडे मांडले. मग एका जेवणात त्याने वाटणी मांडली. तो स्वतः नाशिकला कुठेतरी खाट भाड्याने घेऊन राहणार. मनीषा आणि रिद्धी मुलुंडलाच एका खोलीत. आणि मी बोरिवलीला, माझ्या मुलीकडे, सुलभाकडे.

"वा," मी म्हटलं, "माशाचे तुकडे करावेत तसे केलेस रे. डोकं कोणाच्या वाट्याला?"

"आई, चेष्टा नको. परवडत नाही."

"इथे परवडत नाही. तिथे काय भाव आहे, बघितलंस?"

बघितलं नव्हतं. पुरुषमाणूस आधी रडून घेतो, मग बाजारात जातो. मी सांगून टाकलं, शनिवार-रविवार चौघांनी नाशिकला जायचं. चौघांना एकत्र राहता येईल असं, खिशाला झेपेल असं घर मिळालं तर सगळे तिकडे. संजय म्हणाला, "आणि नाही मिळालं तर?" मी म्हटलं, "नाही मिळालं तर रविवारी रात्री माझी पिशवी बोरिवलीला. एक शब्द बोलणार नाही." रिद्धी म्हणाली, आजी एक शब्द बोलणार नाही हे काही होणार नाही. पण ठरलं.

आता तयारीचं ऐका. आमच्यात नव्या घरात पहिलं दूध तापवतात आणि मुद्दाम उतू जाऊ देतात. ते ओट्यावरून ओघळलं की ते घर तुमचं. मी मनाशी पक्कं केलं होतं, घर पसंत पडलं तर त्याच दिवशी, तिथल्या तिथे दूध उतू घालायचं. कारण आपल्या संजयला मी ओळखते. घर बघून येणार, गाडीत विचार करणार, मुलुंडला पोचेपर्यंत त्याचा विचार फिरणार. भाड्याचा करार तो मोडेल, पण उतू गेलेलं दूध मोडायची त्याची छाती नाही. म्हणून मी पिशवीत माझं लहान पातेलं घेतलं, लायटर घेतला, आणि आमची जुनी एका बर्नरची शेगडी साडीत गुंडाळून घेतली.

"आजी, शेगडी कशाला?" रिद्धीने विचारलं.

"मग दूध काय तुझ्या लॅपटॉपवर तापवू?"

शनिवारी सकाळी चेकनाक्यावरून रिक्षाने ठाण्याचा खोपट डेपो गाठला. तिथून नाशिकच्या गाड्या बऱ्याच आहेत. पाट्या मला वाचता येत नाहीत, मी माणसालाच विचारते. पाटी चुकली तर तिला जाब विचारता येत नाही. तिकिटाचं म्हणाल तर माझी पंचाहत्तरी उलटली, मी फुकट. मनीषा आणि रिद्धी बायका म्हणून अर्ध्या तिकिटात. पूर्ण पैसे एकट्या संजयचे. कंडक्टरने आम्हा चौघांकडे बघून त्याला म्हटलं, "साहेब, घरात तुम्हीच महाग आहात." संजय पहिल्यांदा हसला तो तिथे.

रस्ता असा: माजिवड्यापासून भिवंडी बायपासपर्यंत गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर तेवढ्यात अर्धा स्वेटर विणून होतो. पडघा सुटलं की वारा लागतो. शहापूरच्या पुढे गाडी चहापाण्याला थांबते. तिथला वडापाव घेऊ नका, महाग असून वर थंड. आम्ही घरून घावणे आणि चटणी नेली होती. कसाऱ्याच्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या बाजूला बसावं आणि खिडकीतून लांब बघावं, खाली दरीत नाही. मनीषाने दरीत बघितलं. पुढचं सांगत नाही, ती बाजूलाच बसली आहे.

घाट चढून इगतपुरी आली की अंगावरचा घाम वाळतो. मुलुंडला मान पुसून पुसून रुमाल पिळायचा, आणि इथे भर उन्हात पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावासा वाटला. मी संजयला म्हटलं, "बघ, पंख्याचं बिल आत्ताच वाचलं." दुपारच्या आत नाशिक. वाटेत भिवंडी साधली तर चार तास, नाही साधली तर देवाचं नाव घ्या.

जुन्या बसस्टँडजवळ एका लॉजवर चौघांची एक खोली घेतली. चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. संजयने फोनवर एक एजंट ठरवला होता. तरणाताठा, गळ्यात चेन, हातात दोन फोन. दोन्ही फोनवर एकाच वेळी बोलायचा, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय का हे कळायला जरा वेळ लागायचा.

पहिलं घर गंगापूर रोडला. काय ती गॅलरी! झाडं, मोकळी हवा, रस्ता रुंद. पण तिसरा मजला. "लिफ्ट येणारे," एजंट म्हणाला. मी विचारलं, "कुठवर आली आहे? इगतपुरी सुटली का?" माझे गुडघे लिफ्टच्या आधी जातील. पुढे चला.

दुसरं घर पाथर्डी फाट्याच्याही पुढे, जिथे शहर संपून शेतं सुरू होतात. घर नवंकोरं, भाडं मुलुंडच्या निम्म्याहून कमी. पण आख्ख्या इमारतीत दोन दारांवर पडदे होते, बाकी कबुतरं. दुकान कुठे विचारलं तर एजंटने लांब कुठेतरी हात केला. दूध आणायला गेलेला माणूस तिथून दही घेऊन परत येईल. मनीषा हळूच म्हणाली, "आई, मी कामाला गेले तर तुम्ही दिवसभर कोणाशी बोलणार?" मी म्हटलं, "कबुतरांशी. पण ती ऐकून घेणारी वाटत नाहीत."

तिसरं घर झकास होतं. तळमजला, नळाला पाणी, जवळ भाजीबाजार. मालक गृहस्थ सज्जन, पाणी विचारलं, खुर्ची दिली. मग म्हणाले, "आमची एकच अट. मासळी चालणार नाही."

"शिजवलेली?"

"कसलीच नाही."

"आणि मी नुसती वाळत घालून बघत बसले तर?"

संजयने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. मालकांचा राग नाही मला. त्यांचं नाक त्यांचं आहे. पण देवगडची बाई मासळी सोडून नाशिकला राहिली असं गावाला कळलं तर माझ्या माहेरचे सुतक धरतील.

संध्याकाळी लॉजवर आम्ही पाय पसरून बसलो. संजय खिडकीशी उभा होता. म्हणाला, "आई, सुलभाकडे तुला काय कमी आहे? लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे. मी महिन्याला येईनच ना."

"उद्याचा दिवस माझा आहे," मी म्हटलं. "ठरलंय तसं. आता माका शिकवू नको." मला राग आला की मालवणी येते, हे संजय लहानपणापासून जाणतो. तो झोपायला गेला.

रविवारी सकाळी मिसळ. नाशिकला गेलात आणि मिसळ खाल्ली नाहीत तर मला सांगू नका. रस्सा काळा, पाव मऊ, बरोबर पापड आणि दही, आणि मागितलीत तर जिलबी. चौघांचं पोट भरून मुलुंडच्या हॉटेलात दोघांचं होतं त्यापेक्षा कमी पैसे. रिद्धीच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी ती "अजून रस्सा" म्हणत होती. बाहेर पडताना मी डेअरीतून दुधाची पिशवी घेतली. संजयने ती बघितली.

तेवढ्यात एजंटचा फोन. इंदिरानगरात एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तळमजला. मालकीणबाई एकट्या, पुढच्या बाजूला राहतात. निर्मलाबाई त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मासळीबद्दल एजंटनेच आधी विचारून ठेवलं होतं. "चालते म्हणाल्या," तो म्हणाला. त्या क्षणी मला त्याची चेनसुद्धा आवडली.

घरात शिरताच मला कळलं, हेच. मागे तुळस, धुण्याचा दगड, शेवग्याचं झाड. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. ओटा काळ्या दगडाचा, खालीही जागा. मी मनातल्या मनात डबे लावूनसुद्धा टाकले. निर्मलाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. उंच, सरळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी आमच्यावर नजर फिरवली. संजय, मनीषा, रिद्धी, मी.

"फोनवर तिघं आहेत म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ह्या आजी पाहुण्या का?"

एजंट एक फोन कानाला लावून फाटकाबाहेर गेला. कोणाचा आला नव्हता. संजय आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला समजलं. घर शोधायला निघायच्या आधीच माझ्या लेकाने मला मोजणीतून वगळलं होतं. दोन दिवस मी चौघांचं घर बघत होते, आणि तो तिघांचं.

"पाहुणीच," मी म्हटलं. "ह्याच्या जन्माच्या आधी आलेय. अजून गेले नाही."

निर्मलाबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या बधल्या नाहीत. "आजी, स्पष्ट सांगते, राग मानू नका. मागचे भाडेकरू दोन म्हणून आले आणि सात झाले. पाण्याची टाकी एक आहे. आणि वयस्कर माणसांचं करण्यात माझी उभी नोकरी गेली. आता घरातही दुखणीखुपणी नकोत मला. तिघं असाल तर आज चावी देते."

आज चावी देते. ऐकलंत? संजयला हवं ते सगळं समोर आलं होतं. माझ्याशिवाय. तो नुसता "बरं" म्हणाला असता तर विषय संपला होता.

तो काही बोलायच्या आत मी पिशवी उघडली. "बाई, तुम्ही विचार करा," मी म्हटलं. "तोवर माझ्याकडचं दूध नासेल. तेवढं तापवून घेते."

"अहो, पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मीही अजून राहायला आले नाही."

आणि मी सरळ स्वयंपाकघरात. ओट्यावर शेगडी मांडली, पातेलं ठेवलं, दुधाची पिशवी दाताने फोडली. शेगडीची रबरी नळी हातात घेऊन भिंतीकडे बघते तर भिंत कोरी. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, ओट्याखाली वाकून बघितलं.

"काय शोधताय?" निर्मलाबाई मागे उभ्या.

"गॅसचा नळ कुठाय हो तुमच्याकडे?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग कोऱ्या भिंतीकडे बघितलं. आणि मग त्या बाई अशा हसल्या की अंबाडा सुटायला आला. "आजी, आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं. गॅस सिलिंडरमधून!"

आता तुम्ही हसू नका. मुलुंडला आमच्या भिंतीतून पाइपचा गॅस यायचा, कान पिळला की जाळ. पाइप आला तेव्हा सिलिंडर परत करून टाकला, आणि मग आम्ही चौघंही विसरून गेलो की गॅस नावाची वस्तू माणसाला उचलून आणावी लागते. एवढा विचार करून शेगडी आणली, लायटर आणला, गॅस आणायचा राहिला. रिद्धी भिंतीला टेकून हसत होती. संजयसुद्धा.

"तुमचाच सिलिंडर लावू का हिला?" मी विचारलं.

"मुळीच नाही," निर्मलाबाई एकदम नर्स झाल्या. "पाइपच्या गॅसची शेगडी आहे ना? तिच्या आतलं भोक मोठं असतं. सिलिंडरला लावली तर हातभर जाळ उठेल. माझ्या भाच्याने डोंबिवलीहून आणली होती, भुवया घालवून बसला." मुंबई सोडणाऱ्यांनो, हे तेवढं लिहून ठेवा, कारण लक्षात तुमच्या राहणार नाही. शेगडीच्या दुकानात नेऊन आतली जेट बदलून घ्यायची, मगच सिलिंडर जोडायचा. खर्च किरकोळ आहे. भुवयांचा जास्त.

"चला पुढे, माझ्या गॅसवर तापवा," त्या म्हणाल्या, "नासेल नाहीतर."

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना. गॅस पुसून आरशासारखा केलेला. पातेलं ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे. दूध तापायला लागलं, कडेने बुडबुडे आले, साय हलली, वर चढायला लागलं. मी हात जोडले. दूध काठापर्यंत आलं आणि खट्‌. निर्मलाबाईंनी गॅस बंद केला.

"अहो, काय केलंत!" मी ओरडले. "जाऊ द्यायचं होतं!"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "आपोआप गेला हो हात. जन्मात कधी उतू जाऊ दिलं नाही. तेही आत्ताच पुसलेल्या गॅसवर?"

खरं होतं. मीही माझ्या गॅसवर कोणाला जाऊ दिलं नसतं. दूध काठावर थरथरलं आणि पुन्हा खाली बसलं. घर हातातोंडाशी येऊन गेलं असं वाटलं मला. पण दूध तापलं होतंच, तर त्यांनी चहा टाकला. पाच कप.

चहा घेताना त्यांनी मला थेट विचारलं. "मुलगी बोरिवलीला आहे म्हणता. सुखाचं घर आहे. मग तिथे का नाही जात?"

खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "बाई, मुलीकडे मी गेले की ती म्हणते, आई, राहू दे. भांडं उचललं, राहू दे. भाजी घेतली निवडायला, राहू दे. प्रेमानेच म्हणते. चार दिवसांत माझे हात दुखायला लागतात, काही न करून. आणि ही माझी सून." मनीषा दाराशी होती, पण आता सुरुवात केली होती. "ही कामावर जाताना मला सांगते, आई, उठा, शेंगा सोला, मसाला भाजून ठेवा, रिद्धीला उठवा, ती उठणार नाही. ही मला बसू देत नाही. हिच्या घरात मी म्हातारी नसते."

मनीषाने कप खाली ठेवला. पंचवीस वर्षांत मी तिचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, तिला सवय नव्हती. ती संजयकडे वळली. "तुम्ही फोनवर तिघं म्हणालात?"

"अगं, म्हणजे, घर मिळायला सोपं जावं म्हणून..."

"आईंना सोडून मी इथे येणार नाही. माझी मुलुंडची नोकरी मी सोडतेय ना? इथे नवी शोधायची, नवं गाव, नवी माणसं. ते सगळं मी एकटीने करायचं, आणि घरी आल्यावर बोलायचं कोणाशी? तुमच्याशी? तुम्ही बोलता?"

संजयने कप बाजूला सारला. मग निर्मलाबाईंना म्हणाला, "माझं चुकलं, मॅडम. आम्ही चौघं आहोत. चौघं चालत असू तर घर द्या. नाहीतर आम्ही दुसरं बघू."

दुसरं नव्हतंच. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण त्याने 'दुसरं बघू' म्हटलं, 'आई बोरिवलीला' नाही म्हटलं. मी चहाचा शेवटचा घोट घ्यायच्या निमित्ताने कप तोंडापुढे धरून ठेवला.

निर्मलाबाई उठल्या. भांडी सिंकमध्ये ठेवली, गॅस पुन्हा पुसला. पाठमोऱ्याच विचारलं, "पाणी पहाटे येतं. पिंप भरायला कोण उठणार तुमच्यातलं?"

"मी," मी म्हटलं. "ह्यांच्यातलं कोणी उठलं तर मला उठवा, बघायला."

"बीपीची गोळी घेता?"

"आठवली तर."

"आठवण मी करीन." त्या वळल्या आणि खुंटीवरची चावी काढून संजयच्या नाही, माझ्या हातात दिली. "पुढच्या वेळी स्वतःचा सिलिंडर आणा. आणि दूध जरा मोठ्या पातेल्यात. चौघं आहात."

सोमवारी संजयने मुलुंडच्या मालकाला 'नाही' म्हणून कळवलं.

घर हलवण्याबद्दल थोडक्यात सांगते. टेम्पो मुलुंडचा करू नका, नाशिकहून इकडे माल आणून रिकामा परत जाणारा शोधा, तो बराच स्वस्तात येतो. गॅसची कागदपत्रं आधी करा. नव्या जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो आणि त्यासाठी आधी भाडेकरार. मसाल्याची बरणी टेम्पोत देऊ नका, मांडीवर घ्या. आणि निघताना शेजाऱ्यांकडे शेवटचा चहा घेऊ नका. मी प्रत्येक दाराशी घेतला, आणि पुढे घाटात फार हाल झाले.

नव्या घरात शेगडीची जेट बदललेली होती, सिलिंडर आला होता, आणि मोठं पातेलं चढलं होतं. निर्मलाबाईंना मी दारात उभं केलं, हात पाठीमागे बांधून. दूध चढलं, चढलं, काठ ओलांडून पांढरंशुभ्र ओट्यावर ओघळलं. बाईंच्या तोंडून "अगं बाई, बंद करा" निघालंच. रिद्धीने टाळ्या वाजवल्या. पुसलं कोणी? मी. मनीषा म्हणाली, "आई, पुसा तेवढं, मी डबे लावते."

आता इथे काही महिने झाले. तुम्ही विचारणार, काय कमावलं, काय गमावलं? मनीषाला लगेच नोकरी मिळाली नाही. आता एका दवाखान्यात मिळाली आहे, पगार मुलुंडपेक्षा कमी. ती कधी कधी संध्याकाळी गप्प असते. रिद्धी घरूनच काम करते, पंधरवड्यातून एकदा पवईच्या ऑफिसला जाते आणि येताना चेहरा पाडून येते, तिच्या मैत्रिणी तिकडे आहेत. थंडीत माझे गुडघे मला शिव्या देतात. मुलुंडच्या स्टेशनबाहेरचा भाजीबाजार स्वप्नात येतो, आणि स्वप्नातही मी घासाघीस करते.

पण संजय दुपारी जेवायला घरी येतो. मुलुंडला राहून आयुष्यात कधी आला नव्हता. पाटावर बसतो, भात मागून घेतो आणि बोलतोसुद्धा, थोडं. भाडं देऊन महिन्याच्या शेवटी हातात काही उरतं. पहाटे पाण्याला मी उठते, पिंप भरते, आणि पुढच्या दारातून आवाज येतो, "आजी, गोळी!" आजवर एकही चुकलेली नाही.

एकच दुःख आहे, मासळी. इथे बाजारात येतो तो बांगडा बर्फात झोपून आलेला. डोळा बघितला तर माझ्यापेक्षा थकलेला. निर्मलाबाईंनी एकदा माझ्या हातची कोलंबीची आमटी चाखली, तेव्हापासून त्या संध्याकाळी सहज म्हणून मागच्या दाराशी येतात आणि झाकणं उघडून बघतात.

तेव्हा सुलभा, तू हे वाचतेस हे मला ठाऊक आहे, आणि 'आई, काय पाठवू' विचारून मग विसरतेस हेही. नीट वाच. पुढच्या वेळी रिद्धी पवईला येईल तेव्हा तिच्याकडे सुक्या कोलंबीचे सोडे दे. बोरिवलीच्या बाजारातल्या कोळणीकडून घे, मोठे, केशरी, नीट वाळलेले. ओले राहिलेले देईल तर परत कर. सुका जवळा पण दे. तिहेरी पिशवीत बांध, एसटीत लोक तोंडं फिरवतात. आमटीत घालायला तिरफळं विसरू नकोस. आणि चौघांच्या हिशोबाने नको घेऊस, पाच जणांना पुरतील एवढे पाठव.